प्रिंट काळपट येतो: मॉनिटर मंद करावा की फाइल उजळावी?

दांडियाबाजारकर
‘लॅबवाल्याने फोटो काळा काढला’ ही तक्रार वडोदऱ्यातील छायाचित्रकारांकडून नेहमी ऐकू येते. माझ्या मते दोष बहुतेक वेळा लॅबचा नसून आपल्या मॉनिटरचा असतो. नवे मॉनिटर बहुधा प्रति चौरस मीटर २५० ते ३५० कँडेला (उजळपणाचे एकक) इतक्या ब्राइटनेसवर लावलेले येतात. कागदाला मात्र स्वतःचा प्रकाश नसतो. त्यावर ५०० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाश पडला आणि त्यातील नव्वद टक्के त्याने परतवला, तरी त्याचा पांढरा भाग सुमारे १४० कँडेलाच भरतो. दुप्पट उजळ पडद्यासमोर बसलेला माणूस चेहरे नकळत गडद करत जातो आणि फाइल मुळातच अंधारी होते. म्हणून कॅलिब्रेटरने (पडद्याचा उजळपणा व रंग मोजणाऱ्या उपकरणाने) मोजून पडदा १०० ते १२० कँडेलावर आणावा. फाइलशी वेगळी खटपट करू नये.

मांडवीकर
निदान पटते, उपाय पटत नाही. आपले ५०० लक्स आहेत कोठे? रावपुऱ्यातील जुन्या घराच्या दिवाणखान्यात रात्री भिंतीवर १०० लक्स मिळाले तरी पुष्कळ झाले, आणि तेवढ्या उजेडात तोच कागद ३० कँडेलाच्याही खाली राहतो. प्रकाशाने विटणाऱ्या रंगीत छायाचित्रांसाठी संग्रहालयांत तर ५० लक्स ही रूढ मर्यादा आहे. पडदा इतका मंद करून कोणी काम करणार आहे काय? त्यापेक्षा मूळ फाइल जशीच्या तशी ठेवून छपाईसाठी वेगळी प्रत करावी आणि तिच्यातील मधल्या छटा उजळाव्यात.

दांडियाबाजारकर
लग्नाचा अल्बम भिंतीवर टांगत नाहीत. तो सकाळी ओसरीवर उघडतात आणि रात्री ट्यूबलाइटखाली. एका अंधाऱ्या भिंतीसाठी उजळलेला प्रिंट दिवसा फिका पडेल, आणि नऊवारीची जर हवी तशी न उठता नुसती पांढरट दिसेल. आयएसओ ३६६४ या मानकाने प्रिंट पारखण्यासाठी २००० आणि ५०० लक्स अशा दोन पातळ्या ठरवल्या आहेत, त्या अशा कारणांसाठीच. कोठेतरी एक ठाम आधार धरावा लागतो. गिऱ्हाइकाच्या घरातला बल्ब हा आधार होऊ शकत नाही.

शाईवाला
दोघेही केवळ उजेडावर भांडत आहात, कागद मात्र विसरलात. मॅट कागदावरील सर्वांत गडद काळा त्याच्या पांढऱ्याच्या जेमतेम चाळिसाव्या हिश्शाइतका उतरतो, तर साध्या मॉनिटरवर हे अंतर हजारपट असते. ब्राइटनेस कितीही कमी केला तरी ते अंतर मिटत नाही, आणि वराच्या काळ्या शेरवानीच्या चुण्या नाहीशा होतात त्या येथेच. लॅबकडून त्या कागदाचे प्रोफाइल, म्हणजे त्यावर रंग कसे उतरतात याची माहिती देणारी फाइल, मागून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाईची पडद्यावरील नक्कल, पाहावा. (मागितल्यावर अनेक लॅब तोंडाकडे पाहत राहतात, हा भाग वेगळा.)

मांडवीकर
सॉफ्ट प्रूफ अवश्य पाहावा, पण तोही शेवटी पडद्यावरच दिसतो. अल्बमपुरते दांडियाबाजारकरांचे म्हणणे सोडून देतो. भिंतीवरील मोठ्या फ्रेमच्या बाबतीत मात्र मी जागचा हलणार नाही. तेथे पाव, अर्धा आणि पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळलेल्या तीन छोट्या प्रिंट काढून संध्याकाळी त्याच भिंतीवर लावाव्यात आणि गिऱ्हाइकालाच निवडू द्यावे.