मदत हवी आहे: मुंबईच्या आणिक बस आगारातलं बेस्टचं संग्रहालय ८५ वर्षांच्या वडिलांना दाखवता येईल का?

नमस्कार मंडळी,

आम्ही सांगलीचे. वडील, म्हणजे आमचे आप्पा, १९६१ साली तासगावकडून मुंबईला गेले आणि बेस्टमध्ये ट्रामवर कंडक्टर म्हणून लागले. ट्राम त्यांच्या वाट्याला तीनच वर्षं आली. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली, तेव्हा त्यांची ड्यूटी नव्हती, तरी दादरला गर्दीत जाऊन उभे राहिले होते. पुढची सगळी नोकरी बसवर झाली, पण आजही बोलायला बसले की ट्रामवरच येतात.

मागच्या दिवाळीत मुंबईला गेलो होतो. टॅक्सीवाला 'दादर टी.टी.' म्हणाला, तर आमच्या नववीतल्या मुलाला वाटलं रेल्वेचा तिकीट तपासणारा टी.टी.! आप्पांनी सांगितलं, टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मग घरी येईपर्यंत तेच चाललं होतं. वरच्या तारेवरून दांडा सुटला की ट्राम जागच्या जागी थांबायची, आतले दिवे जायचे, आणि कंडक्टरनं खाली उतरून दोरीनं तो दांडा परत तारेला लावायचा. पावसाळ्यात, अंधारात, तारेकडे बघत. ड्रायव्हर पायानं घंटा वाजवायचा, ती कशी ते त्यांनी जमिनीवर टाच आपटून दाखवलं. नातू ऐकत राहिला. तेव्हापासून दोघांनी मिळून हे संग्रहालय बघावं असं मनात आहे. घोड्यांची ट्राम १८७४ ला कुलाबा ते पायधुणी सुरू झाली आणि विजेची १९०७ ला आली, एवढं मुलानं शोधून काढलंय. तो काळ आप्पांनाही नवा आहे.

प्रवेश फुकट आहे, ते ठीक. माझी अडचण वेगळी आहे. संग्रहालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि आप्पांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. लिफ्ट आहे का, चालू असते का? मध्ये टेकायला बाक, खुर्ची काही मिळते का? आणि खरी ट्राम बघायला मिळेल का, की नुसती चित्रं आहेत? एवढ्या लांब नेऊन त्यांचा हिरमोड झाला तर मला फार वाईट वाटेल. महालक्ष्मी एक्सप्रेसनं जायचा विचार आहे.

जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

मी साताऱ्याचा, दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन गेलो होतो. पूर्ण आकाराची ट्राम तिथे नाही, हे आप्पांना आधीच सांगून ठेवा. ट्राम आणि बसच्या लहान प्रतिकृती, जुनी तिकिटं, तिकिटांची यंत्रं, फोटो असं आहे. पण कंडक्टर राहिलेल्या माणसाला त्या तिकिटांच्या कपाटापुढेच अर्धा तास लागेल बघा. आम्ही जिन्यानं गेलो, त्यामुळे लिफ्टकडे लक्ष गेलं नाही. सोमवार-मंगळवार बंद असतं, ते टाळा. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, दादरलाच उतरा आणि टॅक्सी करा. आप्पांना लोकलचे जिने नकोत.

प्रतिसाद २

आगाराच्या गेटवर सुरक्षारक्षकाला सांगा की हे ट्रामचे कंडक्टर होते. आत कुणी जुनं माणूस भेटलं तर आप्पांना बोलायला सोबत मिळेल. आणि त्यांनी बोलायला सुरुवात केली की फोनवर रेकॉर्ड करा. ट्रामवर काम केलेली माणसं आता फार थोडी उरलीत.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रेकॉर्डिंगचं डोक्यातच आलं नव्हतं, ते आजपासूनच घरी सुरू करतो. खरी ट्राम नाही हे आप्पांना सांगितलं. म्हणाले, "तिकिटं आहेत ना? मग चल." बुधवारी रात्री निघून गुरुवारी बघायचं ठरवतोय. लिफ्टचं कुणाला पक्कं माहीत असेल तर तेवढं कळवा, म्हणजे रिझर्व्हेशन करून टाकतो.