मदत हवी आहे : लिबर्टेरियन चळवळीला पाठिंबा नेमका कसा द्यावा?

सत्तेवर कोणताही पक्ष आला तरी सरकारी खर्च, कर्ज आणि खासगी आयुष्यातील हस्तक्षेप वाढतच जातो, असे दिसू लागल्याने प्रस्थापित पक्षांवरून माझे मन उडाले असून व्यक्तिस्वातंत्र्य सर्वांत महत्त्वाचे आणि सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा, असे मानणारा लिबर्टेरियन विचार जवळचा वाटतो. मात्र अमेरिकेत १९७१ मध्ये स्थापन झालेल्या लिबर्टेरियन पक्षालाही २०१६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत, गॅरी जॉन्सन उमेदवार असताना, जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली. (अशा पक्षाला दिलेले मत वाया जाते, हा युक्तिवाद तरीही मला पटत नाही.) तेव्हा वेळ आणि देणगी पक्षाऐवजी मालमत्तेचा हक्क, अभिव्यक्तिस्वातंत्र्य अशा एकेका प्रश्नावर न्यायालयात लढणाऱ्या संस्थांना द्यावी का, आणि त्यांच्यामागे पैसा कोणाचा आहे हे कसे तपासावे, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.