धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद चालू असताना वैऱ्यावर प्रीती कशी करायची?

कोरडवाहू:
सगळ्यांना सलाम. घरी कपाशी-तूर आहे. चुलतकाकानं दरवर्षी धुरा कोरून कोरून आमची दोन तासं (पिकाच्या ओळी) त्याच्या वावरात घेतली, आता बोलणं बंद आहे. रविवारी उपासनेत पाळकसाहेब मत्तय 5:44 वर बोलले, वैऱ्यावर प्रीती करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. बसल्या जागी पटते, पण वावरात गेलो का तो धुरा दिसते अन् डोकं गरम होते. देव प्रीती आहे हे संडे स्कूलपासून पाठ आहे, पण काकाबद्दल मनात प्रेम येतच नाही, तं माहा विश्वास कमी आहे का? अन् प्रीती करायची म्हणजे जमीन सोडून द्यायची का?

परतवाडाकर:
भाऊ, लगेच पुढचं वचन वाच, 5:45. स्वर्गातला बाप चांगल्यावाईट दोघांवर सूर्य उगवते, दोघांवर पाऊस पाडते. मृगाचं पाणी आलं तं तुह्याही वावरात पडते अन् काकाच्याही, धुऱ्यापाशी थांबत नाही. तशी प्रीती कर म्हणते येशू. जमिनीचं म्हणशीन तं मोजणीचा अर्ज टाक भूमी अभिलेखमध्ये, हद्दीच्या खुणा कायम करून घे, त्यात पाप काहीच नाही. फक्त खोटं सांगू नको अन् गावात त्याची बदनामी करत फिरू नको.

मंडळीतली ताई:
दादा, मनात येईपर्यंत थांबायचंच कशाला? रोम 5:8 मध्ये आहे ना, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, आपण सुधरायची वाट नाही पाहिली त्यानं. आमच्या भागात कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोगाचा दवाखाना आहे. ज्याचा पाय सुन्न झाला त्याचा पाय रोज पाण्यात भिजवायचा, घट्टा हळूच घासायचा, ओल्यावरच तेल लावायचं, नाहीतर कातडी फाटून जखम होते अन् त्याला कळतही नाही. हे करणाऱ्याला रोज आतून उमाळा येत असेल असं मला नाही वाटत, तरी पाय धुतला जातो. मला ती देवाचीच प्रीती वाटते. तुमच्या काकांना आत्ता कशाची गरज आहे ते पाहा ना.

कोरडवाहू:
काकाचा कापूस फुटून वावरात लोंबून राहिला ताई, वेचणीले मजूर भेटत नाही त्याले. आमची वेचणी उरकत आली, आमच्या बाया पाठवता येतीन. मोजणीचा अर्ज बी टाकतोच, पण आधी मी सोता जाऊन काकाले सांगतो, थेट नोटीसच हातात पडली तं जास्त लागन त्याले.