वडिलांना इफुगाओच्या (फिलिपाइन्स) भातगावात न्यायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमची भातखाचरं आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात आहेत. त्यातली निम्मी वडिलांनी तरुणपणी पडकईने काढलेली. पडकई म्हणजे गावातल्या घरांनी पाळीपाळीने एकमेकांच्या रानात राबायचं, उतार फोडायचा, दगड रचून बांध घालायचा आणि खाचर तयार करायचं. वडील आता ६७ वर्षांचे आहेत. नातीने त्यांना मोबाइलवर इफुगाओची डोंगरभर चढत गेलेली खाचरं दाखवली, तेव्हापासून ते रोज विचारतात, "तिथं बांध ढासळला तर कोण घालतं?"

मला त्यांना फोटो काढायच्या जागेवरून परत आणायचं नाही. एखाद्या गावात चार-पाच दिवस राहून, बांधावर बसून, तिथल्या शेतकऱ्याशी त्यांना बोलता यावं एवढीच इच्छा आहे. तिथलं बटाड गाव सुंदर आहे, पण पायऱ्यांची चढउतार आईच्या गुडघ्यांना झेपणार नाही. म्हणून कियांगानजवळचं नागाकादान किंवा हुंगदुआनमधलं हापाओ, या दोन्हींपैकी एक मनात आहे. दोन्हीकडची खाचरं १९९५ पासून जागतिक वारशात आहेत आणि बनावे या नेहमीच्या पर्यटनगावापेक्षा गर्दी कमी. तुमच्यापैकी कुणी तिथे घरगुती मुक्काम केलाय का? आईच्या दृष्टीने कुठलं गाव सोपं?

काळाचा पेच आहे. तिथलं तिनावोन हे वर्षातून एकदाच येणारं देशी भात जुलै-ऑगस्टच्या सुमारास कापतात, आणि हापाओत कापणी संपली की नदीत उतरून पुन्नुक नावाची रस्सीखेच होते. वडिलांना ते सगळं बघायचंय. आमची लावणी जुलैत उरकते, त्यामुळे ऑगस्ट जमेल. पण तेव्हा तिकडे वादळं आणि दरडी. मनिलाहून रात्रभराची बस आहे, घाटरस्ता बंद पडला तर हाताशी किती दिवस ठेवावेत? भारतीयांना व्हिसाशिवाय १४ दिवस राहता येतं आणि ते वाढवून मिळत नाहीत, म्हणून हा हिशेब मला आधीच पक्का करायचाय.

जेवणाची मोठी काळजी आहे. वडील माळकरी आहेत. तिकडे भाजीतही माशांचा किंवा कोळंबीचा खारवलेला रस घालतात असं कळलं. भात, रताळी, अळू तिथे मुबलक पिकतं. घरच्या बाईंना "मासे नाहीत, मांस नाही, तो रसही नाही" हे त्यांचा मान राखून कसं सांगावं? आम्ही आमचं भांडं घेऊन गेलो, तर त्यांना वाईट तर वाटणार नाही ना?

आणखी एक. आपल्याकडे खेकडे बांध पोखरतात, तिकडे मोठाले गांडूळ पोखरतात. त्यावर ते काय करतात हे वडिलांना त्यांच्याच तोंडून ऐकायचंय. इंग्रजी आणि इफुगाओ दोन्ही बोलणारा, स्वतः शेती करणारा वाटाड्या मिळेल का? दिवसाला किती द्यावेत म्हणजे त्याच्यावर अन्याय होणार नाही?

शेवटचं, भेटीचं. वडिलांनी घरच्या रायभोग भाताचं बियाणं पिशवीत भरूनही ठेवलं होतं. परवान्याशिवाय ते नेता येत नाही, म्हणून मी थांबवलं. तेव्हापासून ते गप्प आहेत. शेतकऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने जायचं त्यांना पटत नाही. काय न्यावं, सुचवाल का?