टॅग लावणारा लेखक कमी दर्जाचा ठरतो का?

तलावपाळी:
काल एका लेखनगटावर कुणीतरी लिहिले होते की, ज्याच्या लेखाखाली चार टॅग, म्हणजे # लावलेले विषयाचे शब्द, लोंबतात तो लेखक नसून फेरीवाला आहे, आणि चांगले लेखन वाचकापर्यंत आपोआप पोहोचते. फेरीवाल्याला कमी लेखण्याचे कारण मला कळले नाही, पण खरा आक्षेप आहे तो 'आपोआप' या शब्दाला.

माझे वडील २२ वर्षे ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका रासायनिक कारखान्यात पाळीने काम करत. पहाटे कोपरीच्या नाक्यावर कंपनीची बस यायची आणि वडील ॲल्युमिनियमचा डबा काखेत धरून अंधारात उभे असायचे. त्या बसवर मी एक लेख लिहिला. आठ दिवसांत तो अकरा जणांनी वाचला आणि त्यांतले नऊ माझे नातेवाईक होते. मग भाचीने लेखाखाली #ठाणेबेलापूर एवढा एकच टॅग लावून दिला. तीन आठवड्यांनी साताऱ्याच्या एका निवृत्त कामगाराने मला विचारले, 'त्या डब्याच्या झाकणावर खिळ्याने ४१७ कोरलेले होते का?' लेखात मी हा आकडा दिलाच नव्हता. तो वडिलांचा टोकन नंबर होता, आणि हे गृहस्थ त्याच बसमध्ये त्यांच्या शेजारी बसत असत. असा वाचक आपोआप आला नसता. त्याला वाट दाखवावी लागली, आणि ती दाखवण्यात मला कोणताही कमीपणा वाटत नाही.

खाडीकाठ:
ताई, तुमचा अनुभव हृद्य आहे, पण त्यावरून नियम निघत नाही. मी सहा वर्षे कविता लिहितो आणि त्यांतली दोन वर्षे प्रत्येक कवितेखाली निष्ठेने टॅग लावत होतो. त्यातून आली ती गर्दी, वाचक आले नाहीत. 'आमच्या पानालाही भेट द्या' असे लिहून जाणारे शेकडो, आणि दुसऱ्या कडव्यातली चूक दाखवणारा एकही नाही. याहून वाईट गोष्ट पुढची आहे. #मराठीकविता या टॅगवरून कविता उचलणारी पाने असतात. माझी आईवरची कविता अशाच एका पानाने उचलली, गुलाबाच्या चित्रावर छापली आणि खाली 'कवी : अज्ञात' असे लिहिले. ती मला परत कुठे भेटली, तर आमच्याच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटात. मेव्हण्यांनी ती 'किती सुंदर लिहिले आहे' म्हणून मलाच पाठवली होती. ज्या दाराने तुमचा साताऱ्याचा वाचक आला, त्याच दाराने माझा चोर आला. तेव्हापासून मी टॅग लावत नाही.

वाशीकर वाचक:
टॅगांचा विषय निघालाच आहे तर माणसांना टॅग करणाऱ्यांबद्दलही बोलले पाहिजे. एक परिचित रोज पहाटे चारोळी लिहितात आणि तिच्यात माझ्यासह पन्नास जणांची नावे जोडतात. मग दिवसभर 'खूप छान' एवढ्याच सूचना येत राहतात. मी विष्णुदास भावे नाट्यगृहात प्रयोग पाहत असताना फोन खिशात एकसारखा थरथरत होता. हा वाचकावर अत्याचार आहे.

तलावपाळी:
माणसाला टॅग करणे म्हणजे त्याच्या दारात जाऊन कडी वाजवणे, आणि विषयाचा टॅग म्हणजे आपल्याच दारावर पाटी लावणे. या दोन गोष्टी एका मापाने मोजू नका. पहिलीला माझाही विरोध आहे.

निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा:
माझे आयुष्य तालिका, म्हणजे ग्रंथांची विषयवार सूची, करण्यात गेले, म्हणून लिहितो. ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला तिसरा आहे : प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. आपल्या ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. अशा ठिकाणी पुस्तक केवळ चांगले आहे म्हणून कुणाच्या हाती लागत नाही, तर त्याची नोंद योग्य विषयाखाली झालेली असते म्हणून लागते. त्यामुळे 'आपोआप' हा शब्द मलाही मान्य नाही.

मात्र तलावपाळी यांनी एक फरक ध्यानात घ्यावा. आमच्याकडे विषय ठरवायचा तो त्रयस्थ माणसाने, पुस्तक चाळून आणि ठरलेल्या शब्दांच्या यादीतून. इथे लेखक स्वतःच स्वतःची नोंद करतो, आणि ती करताना मोह आवरत नाही. माहीमच्या खाडीवरच्या लेखाला 'प्रेम' आणि 'पाऊस' असे टॅग लावलेले मी पाहिले आहेत. तालिकेत असे कुणी केले असते तर आम्ही ते नोंदीचे पत्रक फाडून टाकले असते.

ऐरोलीचा अभियंता:
काका, तुमचा मुद्दा बरोबर आहे, पण मूळ दुखणे याहून खोल आहे. # लावून टॅग करण्याची कल्पना क्रिस मेसिना या अमेरिकी तंत्रज्ञाने ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर मांडली, ती इंग्रजीत, आणि इंग्रजीत गावाचे नाव वाक्यात कुठेही आले तरी तसेच राहते. मराठीत आपण वाक्यातच टॅग करतो आणि #ठाण्याच्या किंवा #ठाण्यातील असे लिहितो. यंत्रासाठी हे #ठाणे नव्हेच. सामान्यरूपाने आणि अनेकवचनाने एकाच टॅगचे तुकडे होतात. #चारोळी वेगळा आणि #चारोळ्या वेगळा. 'दऱ्याखोऱ्या' हा शब्द दोन प्रकारे टंकित होतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असते, तर दुसऱ्यात साध्या र ला हलन्त देऊन पुढे न दिसणारे जोडचिन्ह टाकलेले असते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द आहेत. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की लेख देवनागरीत असू द्या, टॅग रोमन लिपीत द्या. माझी वाशीतली भाची मराठी वाचते, पण शोधताना रोमन अक्षरेच टंकते.

खाडीकाठ:
हे मला अजिबात मान्य नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून आपण पेढे वाटले, आणि आता मराठी लेखाखाली रोमन पाटी लावायची?

ऐरोलीचा अभियंता:
पेढे मीही वाटले. तुमच्या रागाने ज्या वाचकाला लेख सापडत नाही, त्याचे काय करायचे ते सांगा. रोमन टंकणारा मुलगा मराठी वाचायला आला आहे, आणि तुम्ही त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवता.

खाडीकाठ:
रोमनमध्ये तरी एकच रूप आहे का? 'आई' कुणी दोन अक्षरांत लिहितो, कुणी तीन. तुमचे तुकडे तिथेही होतात, आणि वर लिपीही जाते. सोय म्हणून एकेक गोष्ट सोडत गेलो तर उरणार काय?

वाशीकर वाचक:
दोघांनीही आवाज खाली आणावा. हा धागा टॅगबद्दल आहे.

निवृत्त ग्रंथपाल, नौपाडा:
हे टॅगबद्दलच चालले आहे. तालिकेत यावर जुना उपाय आहे. एक रूप प्रमाण धरायचे, आणि इतर रूपांपाशी 'अमुक पाहा' असे पत्रक ठेवायचे. मराठी टॅग प्रथमेच्या रूपात, विभक्तीशिवाय आणि लेखाच्या अखेरीस द्यावा. वाक्याच्या मध्ये देऊच नये. रोमन रूप हे 'पाहा'चे पत्रक समजून सोबत एकच द्यावे. खाडीकाठ यांचा राग मला समजतो, पण वाचकाची बोटे कोणत्या लिपीत वळतात हे आपल्या हातात नाही.

तलावपाळी:
काका, हे मला पटले. माझ्याच दुसऱ्या लेखात मी #कोपरीच्या असे लिहून ठेवले आहे, ते आज बदलते. एक गोष्ट मात्र मलाही कबूल करावी लागेल. इन्स्टाग्रामने डिसेंबर २०२४ मध्ये टॅगचा पाठपुरावा करण्याची सोय काढून टाकली. म्हणजे #ठाणेबेलापूर वर कुणी डोळा ठेवून बसले असेल, तर तिथे नवा लेख आता त्याच्यासमोर आपसूक येणार नाही. त्याला स्वतः शोधावे लागेल. पाटी राहिली, पण रस्ता अरुंद झाला, आणि तो ठरवणारे आपल्यापैकी कुणी नाही.

खाडीकाठ:
ठीक आहे. गावाचा, नदीचा, कारखान्याचा किंवा धंद्याचा टॅग मला मान्य आहे, कारण तो ठराविक माणसालाच बोलावतो. #मराठीकविता मी लावणार नाही, तो सगळ्यांनाच बोलावतो. रोमन टॅगही लावणार नाही, त्याबाबत कुणी पुन्हा समजावू नये. आईच्या कवितेखाली मात्र तिच्या गावाचे नाव घालीन आणि माझे नाव कवितेच्या चित्रावरच छापीन, म्हणजे ते कापायला निदान कष्ट तरी पडतील.

ऐरोलीचा अभियंता:
गावाचे नाव दोन शब्दांचे असेल तर मध्ये जागा सोडू नका, टॅग पहिल्या शब्दापाशीच संपतो. अधोरेषा टाकायची की शब्द जोडून लिहायचे, हे एकदाच ठरवा आणि मग बदलू नका. ताई, तुमचा टॅग जोडून लिहिलेला आहे. अधोरेषेचा #ठाणे_बेलापूर वेगळा मोजला जातो आणि तोही लोक वापरतात. तुमच्या वडिलांच्या बसमधला आणखी कुणी तिथे शोधत असेल, तर त्याला तुमचा लेख आज दिसत नाही.

तलावपाळी:
आत्ताच तोही जोडला.