सासऱ्यांच्या रिपोर्टात 'पाचवा पर्सेंटाइल' आलाय, म्हणजे नापास का?

दिचोलीची_सून

नमस्कार. माझे सासरे, घरीदारी सगळ्यांचे भाई, वय ७६. दिचोली बाजारात आमचं किराणा दुकान आहे. शिगम्याच्या सुमारास त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हातपाय सावरले, पण हल्ली सांगितलेलं विसरतात, एकाच गिऱ्हाइकाची साखर दोनदा बांधतात. म्हणून न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे स्मृती, लक्ष वगैरे तपासणारी, चाचणी करून आणली.

दार अर्धवट उघडं होतं, त्यामुळे बाहेर बाकावर बसून मला बरंच ऐकू येत होतं. चाचणी घेणाऱ्या बाईंनी पंधरा शब्द वाचायचे, भाईंनी आठवतील तेवढे म्हणायचे, असं पाच वेळा. मधेच भाई म्हणाले, "बाय, तो निमाणो शब्द परत सांग गो." उत्तर आलं, "आता सांगता येणार नाही." एवढ्या वयाच्या माणसाशी इतकं कोरडं वागायचं? मग एका मिनिटात प्राण्यांची नावं. भाईंनी थेट मासळी बाजारच मांडला: बांगडो, तारलो, मोडसो, इसवण. सगळं कोंकणीतून. ते धरलं असेल का?

रिपोर्टात त्या शब्दांचं 'काही वेळाने आठवणे' पाचवा पर्सेंटाइल, लक्ष आणि हिशेब ठीक. भाईंचं शिक्षण म्हणजे पोर्तुगीज अमदानीतल्या प्राथमिक शाळेचं 'सेगुंद ग्राव' आणि मराठी चौथी. पावकी-निमकी-दिडकीचे पाढे मात्र आजही तोंडपाठ. दीर म्हणतात, एमआरआय झालाय ना, मग हे पोरखेळ कशाला?

म्हापसेकर_निवृत्त

सूनबाई, अशाच चाचण्या घेत, स्टॉपवॉच हातात धरून माझी नोकरी संपली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

कोरडेपणाचं आधी. भाईंना एक शब्द पुन्हा सांगितला असता तर तो आकडा त्याच क्षणी निकामी झाला असता. त्यांची तुलना ज्या लोकांशी होते, त्यांना कोणी पुन्हा सांगितलं नव्हतं. दुकानात एकाला शीग लावून आणि दुसऱ्याला सपाट माप दिलं तर ते माप कसलं? मात्र चाचणीआधी दोन शब्द प्रेमाने बोलायला कुठलाही नियम आड येत नाही. ते झालं नसेल तर तुमचा राग रास्त आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. त्याच वयाची, साधारण तेवढंच शिकलेली शंभर माणसं घेतली तर पाच-एक जण भाईंच्या खाली असतील, इतकाच अर्थ. इथे पास-नापास नसतं. आणि निरोगी माणसांतही काही जण त्या टोकाला असतातच. कागदावर हिशेब करा: एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या दिल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचा निदान एक तरी गुण पाचव्या पर्सेंटाइलखाली जाण्याची शक्यता ६४ टक्के निघते. खऱ्या चाचण्या एकमेकींशी बांधलेल्या असतात, त्यामुळे आकडा बदलतो. तरीही एकट्या गुणावरून निदान करणाऱ्यावर माझा विश्वास नाही.

पाहायची असते ती गुणांची ठेवण. मेंदूचे अभ्यासक टॉयबर यांनी १९५५ मध्ये दुहेरी विलगतेचा मुद्दा मांडला. एका रुग्णाची स्मृती गेली आणि भाषा शाबूत, दुसऱ्याची भाषा गेली आणि स्मृती शाबूत, असं दिसलं तरच त्या दोन गोष्टी मेंदूत निरनिराळ्या चालतात म्हणता येतं. एकालाच स्मृतीची चाचणी जड गेली तर ती चाचणीच अवघड असेल, कोण जाणे.

दिरांना सांगा, स्कॅन नव्हते तेव्हा या चाचण्यांनीच इजा कुठे असेल याचा अंदाज बांधत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॉलस्टेड यांची अशा चाचण्यांची शिकागोतली प्रयोगशाळा १९३५ ची. सत्तरीच्या दशकात सीटी स्कॅन आला आणि चाचणीचं काम बदललं. डाग कुठे आहे ते यंत्र सांगतं, त्या डागासकट माणूस काय करू शकतो ते सांगत नाही. गुण मोजून इतरांशी ताडायचे, हा आकड्यांचा रस्ता हॉलस्टेड आणि त्यांचे शिष्य रायटन यांचा. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लुरिया दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसोबत काम करायचे, माणूस कुठे आणि कसा अडखळतो हे बारकाईने बघायचे. मी मनाने लुरियांच्या बाजूचा, पण नॉर्म्सशिवाय, म्हणजे तुलनेसाठीच्या गुणांच्या तक्त्यांशिवाय, पान हलत नाही हेही खरं.

शिक्षणाचा तुमचा मुद्दा सगळ्यात मोलाचा. आकडे आणि रोमन अक्षरं आळीपाळीने जोडायची 'ट्रेल मेकिंग' ही चाचणी १९४४ च्या अमेरिकन लष्करी संचातली. तिच्यात ए ते एल अक्षरं येतात. भाईंच्या पोर्तुगीज शाळेतल्या वर्णमालेत 'के' नव्हता, म्हणजे ते 'जे'नंतर थेट 'एल' शोधणार आणि बाई चूक मांडणार! म्हणून आपल्याकडे अक्षरांऐवजी रंगीत वर्तुळांची चाचणी बरी. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २००४ च्या संचात तीच आहे, नॉर्म्सही शिक्षणानुसार आहेत. पण ते १६ ते ६५ वयापुरते. वृद्धांसाठी निम्हान्सचा वेगळा संच आहे. भाईंना कोणते नॉर्म्स लावले ते विचारा, विचारायला लाजू नका.

मासळी धरतात. जाणता परीक्षक दोन्ही भाषांतली नावं घेतो, फक्त बांगडा आणि बांगडो मिळून एकच. दिडकीवर मात्र फार विसंबू नका. लहानपणी घोटलेलं शेवटपर्यंत टिकतं, नवीन शिकणं आधी ढासळतं.

आता मला एक आकडा हवाय. नंतर यादी समोर ठेवल्यावर त्या पंधरा शब्दांतले किती ओळखले, म्हणजे 'ओळख' किती आली?

काणकोणची_पोर

आमच्या मावशीचं उलटं झालं. निवृत्त मुख्याध्यापिका. तीस गुणांच्या प्रश्नावलीत २८ मिळाले, आम्ही पेढे वाटायचे बाकी राहिलो. आणि घरी? गॅस चालू ठेवून देवळात. भरपूर शिकलेल्या माणसाला ते प्रश्न फार सोपे पडतात, असं नंतर कळलं. मोठ्या चाचणीत खरा प्रकार बाहेर आला. तेव्हा भाईंचे 'ठीक' आलेले आकडेही नीट तपासून घ्या.

म्हापसेकर_निवृत्त

बरोबर. ती तीस गुणांची १९७५ ची चाळणी आहे, चाचणी नव्हे. हरियाणात बल्लभगडच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी तिचं हिंदी रूप करताना 'वाचा आणि डोळे मिटा' याच्या जागी 'मी करतो तसं करा' घालावं लागलं होतं. शिकलेल्याला ती अलगद सोडते, न शिकलेल्याला उगाच पकडते.

दिचोलीची_सून

ओळख १५ पैकी १४, असं लिहिलंय. चुकीचा शब्द एकच उचलला. स्वतःहून आठवले ते फक्त ३. कान चांगले आहेत, मोतीबिंदूही काढून झालाय. त्यांना गल्ल्यावर बसू द्यावं का?

म्हापसेकर_निवृत्त

मग चित्र पुष्कळ बदललं. शब्द आत पोचलेत, स्वतःहून बाहेर काढता येत नाहीत. झटक्यानंतर असं बरेचदा दिसतं. ओळखसुद्धा घसरली असती तर साठवणीचीच शंका आली असती आणि अल्झायमरचा विचार आधी करावा लागला असता. निदान अर्थात तुमचे डॉक्टरच करतील. मी भाईंना पाहिलेलं नाही, आणि झटक्यानंतरची उदासीसुद्धा हाच आकडा पाडू शकते, तेही तपासून घ्या.

गल्ल्याचं उत्तर पर्सेंटाइलमध्ये नाही. शांत खोलीत, एका वेळी एकच काम, असं दुकान कुठे असतं? आठवडाभर कोणीतरी शेजारी बसून बघा. उधारी तोंडी नको, गिऱ्हाईक समोर असतानाच वहीत लिहू द्या. साखर बांधली की यादीवर खूण. आठवत नसेल तर दटावू नका, इशारा द्या, त्यांना इशारा पुरतो.

चाचणी पुन्हा सहा महिन्यांच्या आत नको, सरावानेच गुण वाढतात. तेव्हा शब्दांची दुसरी यादी वापरायला सांगा. आणि मूळ गुणांचा तक्ता आत्ताच मागून ठेवा, नुसतं निष्कर्षाचं पान पुढच्याला काही कामाचं नाही.

दिचोलीची_सून

देव बरें करूं. दिरांना हा धागा वाचायला देते. वही उद्याच आणते, भाई कुरकुरणार आहेत.