मदत हवी आहे: त्येपोलो पद्धतीच्या व्यंगचित्रात वॉश देताना रेघ फुटते

व्हेनिसचा चित्रकार जांबात्तिस्ता त्येपोलो (1696–1770) याची एकेकट्या माणसांची शाई-वॉशमधली (वॉश म्हणजे ब्रशने फिरवलेला पातळ शाईचा थर) व्यंगचित्रं अभ्यासासाठी उतरवतोय. शाई घरगुती: मायफळ (ओकच्या झाडावरच्या गाठी) 3, हिराकस (लोहाचं सल्फेट) 2, डिंक 1 भाग. लेखणी पिसाची, कागद जिलेटिनची खळ दिलेला, 300 जीएसएम. रात्रभर वाळवूनही पाठीच्या सावलीचा वॉश फिरवला की रेघ विरघळते, कडेला करडा डाग पसरतो. डिंक निम्मा केला तर शाई टाकातून भसकन उतरते, बारीक रेघ जाडावते. कोरड्या ब्रशने दिलेला वॉश पट्ट्यापट्ट्यांचा दिसतो. त्यातली ती एका फटकाऱ्याची मजाच जाते. वॉटरप्रूफ ॲक्रिलिक शाई सुचवू नका, पिसात ती चिकटून बसते. डिंक किती ठेवावा, की आधी वॉश देऊन रेघ नंतर ओढावी?